दार बंद करायचं बटण

आमच्या गटाचं नाव 'नसत्या चौकश्या'. माणसं चार, गावं चार, आणि एकमेकांचं तोंड आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. इंटरनेटवरच्या एका प्रश्नमंजुषेखाली, एका उत्तरावरून, आम्ही चौघं सलग तीन दिवस भांडलो होतो. इतक्या फालतू गोष्टीसाठी इतका जीव तोडून भांडणारी माणसं पुन्हा मिळायची नाहीत हे चौघांनाही कळलं आणि गट निघाला. त्याला आता सहा वर्षं होतील.

रोज सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने एक चीज टाकायची. चीज म्हणजे यंत्रं आणि माणसं यांच्या संसारातली एखादी चमत्कारिक पण खरी गोष्ट. इंटरनेटवर गेलेला पहिला कॅमेरा एका विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता, भांडं रिकामं असताना कोणाला उगाच पायपीट पडू नये म्हणून. दुकानात बारकोड वाचून विकलेली पहिली वस्तू म्हणजे च्युइंग गमचं पाकीट. घरोघरी गजराची घड्याळं नव्हती तेव्हा कामगारांना पहाटे उठवणं हाच काही लोकांचा धंदा होता, आणि त्यातले काही जण नळीतून खिडकीवर वाळके वाटाणे फुंकून मारत. असलं काहीतरी. याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या माणसाला आम्ही गटात घेतलं नसतं.

सोबत पुरावा लागतो. चीज खोटी निघाली तर ती 'भाकड'. वर्षात तीन भाकड झाल्या की महिनाभर मौन, म्हणजे वाचायचं सगळं पण बोलायचं काही नाही. आमच्यासारख्यांना यापेक्षा फाशी बरी. माझ्या नावावर या वर्षी दोन भाकड होत्या. अंतराळात लिहायच्या पेनावर एका देशाने करोडो उधळले आणि दुसऱ्याने सरळ पेन्सिल वापरली, ही पहिली. गोल्डफिशला तीन सेकंदांपलीकडचं आठवत नाही, ही दुसरी. दोन्ही मला माझ्या मावसभावाने सांगितल्या होत्या आणि दोन्हींसाठी मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही.

बाकीच्या तिघांची गटातली नावं सांगते. पंतोजी निवृत्त भूगोल शिक्षक आहेत आणि साधं 'ठीक' लिहितानाही पूर्णविराम देतात. बुरशी पावाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, पाव कितव्या दिवशी हिरवा पडतो ते बघत बसणं हीच तिची नोकरी. मीटर विजेचे मीटर तपासत दारोदार फिरतो, त्यामुळे त्याला प्रत्येक घरातलं कुत्रं माहीत असतं. आणि मी वरखाली. मी लिफ्ट दुरुस्त करते.

बाई लिफ्ट दुरुस्त करते म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात तो, "तुम्हाला भीती नाही वाटत?" मला लोकांची वाटते. लिफ्ट बिचारी जे बिघडलंय तेवढंच बिघडवते.

माझी आई ज्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहते तिथली लिफ्टही आमच्याच कंपनीकडे आहे, म्हणजे माझ्याकडे. तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी आई त्या लिफ्टमध्ये अडकली. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये, एकटी, पंचवीस मिनिटं. शेजारणीने मला फोन केला. मी गच्चीवरच्या मोटरखोलीत गेले, तिथून सहाव्यावर आले, तिथलं दार लागल्याचं लिफ्टला कळवणाऱ्या कॉन्टॅक्टवर साचलेली घाण पुसली आणि लिफ्ट निमूटपणे सातव्यावर गेली. दार उघडलं तर आई पदर खोचून उभी. घामाघूम झालेली, पण नजर अशी की मैदान मारून आलीय.

"सोडला नाही धीर," ती म्हणाली. "ते दार बंद करायचं बटण दाबत राहिले. एकसारखी. शेवटी ऐकलं त्याने."

पुढचे चार दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन ऐकून गेली. दर खेपेला बटण दाबायचे आकडे वाढत होते. पाचव्या दिवशी मी चहाला गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना हीच कथा चालू होती, आणि आईने चारशे वेळा बटण दाबलं होतं. बाई गेल्या. आणि मग मी ते केलं.

मला अजून कळत नाही की मी गप्प का बसले नाही. चहा चांगला झाला होता. आई खुशीत होती. कोणी मला काही विचारलं नव्हतं. पण खोटी माहिती कानावर पडली की माझ्या जिभेला खाज सुटते, आणि सहा वर्षांच्या गटबाजीने ती खाज बळावली आहे.

"आई," मी म्हटलं, "ते बटण कशालाच जोडलेलं नाहीये."

"म्हणजे?"

"बऱ्याच लिफ्टमध्ये नसतं. दार त्याच्या वेळेने बंद होतं. आग विझवणाऱ्यांची किल्ली लावली तरच ते बटण चालतं. एरवी आपलं दाबायचं, बरं वाटायला."

आईने कप बशीत ठेवला. "मग मी पंचवीस मिनिटं काय करत होते?"

या प्रश्नाला हजार उत्तरं होती. मी त्यातलं खरं निवडलं.

"काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी हीच चीज गटात टाकली, आईच्या चारशे वेळांसकट. बुरशीने हसून लोळणारी सहा तोंडं पाठवली. पंतोजींनी लिहिलं, "उत्कृष्ट. आठवड्यातील सर्वोत्तम." मीटर म्हणाला की तो आता प्रत्येक लिफ्टमध्ये लोकांची बोटं बघत बसणार. मला दिवसभर गुदगुल्या होत होत्या. इकडे त्याच दिवशी आई भाजी आणायला निघाली, लिफ्टसमोर उभी राहिली, लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, आणि ती घरात परत आली. हे मला तिने नाही सांगितलं. शेजारणीने सांगितलं.

त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. जिने म्हणाल तर एकशे बासष्ट पायऱ्या, आणि तिचे गुडघे वीस पायऱ्यांना बंड करतात. भाजी शेजारीण आणायची, औषधं मी. आई विचारलं की म्हणायची, "बाहेर आहे काय बघण्यासारखं?"

यातली मेख अशी, की बघण्यासारखं असतं तरी तिला दिसलं नसतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार दुधाळ झालेला. मागच्या महिन्यात तिने खुंटीवरच्या माझ्या कोटाला "बसा ना" म्हटलं, आणि तो बसेना म्हणून रागावली. सरकारी रुग्णालयातली शस्त्रक्रियेची तारीख दहा महिने वाट बघून मिळाली होती. गुरुवार, सकाळी नऊ. ती चुकली की नाव पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की उजवा डोळा आणखी दहा महिने थांबणार नाही.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "डाव्याने दिसतंय की."

"किती बोटं?" मी हात वर केला.

"उर्मट मुलीचा हात आहे एवढं दिसतंय."

मी खुर्चीत बसवून चार माणसांकडून उचलून न्यायचं सुचवलं. ती म्हणाली, चार माणसं एकदाच लागतील, तेव्हा बोलव. मग मी चिडले. मी म्हटलं लिफ्टमध्ये काही होत नाही, मी स्वतः सांभाळते ती लिफ्ट. तिने शांतपणे विचारलं, "त्या दिवशी कोण सांभाळत होतं?"

रविवारी मी गटात सगळं ओकून टाकलं. आठवड्यातली सर्वोत्तम चीज माझ्या आईचा डोळा खाणार आहे, असंच लिहिलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आमच्या गटात शांतता म्हणजे तिघेही पुरावा शोधतायत.

पंतोजी प्रथम आले. "स्वयंचलित लिफ्ट निघाली तेव्हा लोक तिच्यात पाऊल ठेवत नसत. आत लिफ्टमन दिसला नाही की उलटे फिरत. पुष्कळ वर्षे ती तशीच पडून राहिली. पुढे लोकांना धीर देण्यासाठी आत ध्वनिमुद्रित आवाज बसवण्यात आले. पुरावा जोडला आहे."

"मग आपण आवाज देऊ!" बुरशीने लिहिलं. "तिघं मिळून. तू लिफ्टमध्ये वाजव."

मला ही कल्पना इतकी आवडली की मी तिच्यातलं भोक बघितलंच नाही. ठरलं की प्रत्येकाने तीस सेकंद बोलायचं, शांत आवाजात, घाबरलेल्या बाईंना धीर येईल असं. सोमवारी तिन्ही आवाज आले. सहा वर्षांत मी त्यांचे आवाज पहिल्यांदा ऐकत होते, आणि मंगळवारी संध्याकाळी आईसमोर बसून पुन्हा ऐकले.

पंतोजी: "भगिनी, घाबरू नका. लिफ्ट हे सर्वाधिक सुरक्षित वाहनांपैकी एक आहे. तथापि, सर्वाधिक सुरक्षित हा शब्दप्रयोग मोजमापाच्या पद्धतीवर अवलंबून असल्याने..." तीस सेकंद संपले.

बुरशी: "काकू, लिफ्ट अडकली तरी आतली हवा संपत नाही बरं का. फटी असतात. गुदमरायचं म्हटलं तरी जमायचं नाही. अडकलेल्या माणसाला खरा त्रास होतो तो लघवीचा."

मीटर: "एक दोर तुटला तरी बाकीचे पेलतात. समजा सगळे तुटले, तर खाली वेगळा ब्रेक आहे. समजा ब्रेक लागला नाही..." इथे चार सेकंद नुसती खरखर. "लागतो ब्रेक."

आईने डोळे मिटून तिन्ही ऐकले. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती, कानाला हेडफोन लावून. लोकांची तोंडं तिला आठवत नाहीत, आवाज विसरत नाही.

"पहिले मास्तर आहेत," ती म्हणाली. "एकटे राहतात. मुलगी कारखान्यात असते का? मागे यंत्रांची घरघर आहे. आणि तिला सर्दी झालीय. तिसऱ्याचं बायकोशी भांडण झालंय, दुसऱ्या खोलीत बसून बोलतोय."

मी तिथल्या तिथे गटात विचारलं. मीटरने लिहिलं, "हे कोणी सांगितलं???" पंतोजींनी फक्त "बरोबर." लिहिलं, आणि त्या पूर्णविरामाकडे मी जरा वेळ बघत राहिले.

"मग?" मी आईला विचारलं. "हे लिफ्टमध्ये वाजवलं तर येशील?"

"टेपवरचं?" आईचा आवाज एकदम चढला. "टेपवरची एक बाई होतीच त्या दिवशी. तो फोनचं चित्र असलेला खटका दाबला ना मी, तर म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अठरा वेळा म्हणाली, मी मोजलं. मेली एकदा तरी विचारते का, की बाई, तुम्ही आत एकट्या आहात का?"

तो फोन आमच्या कंपनीचा. ती बाईही आमचीच, साडेआठ सेकंदांची.

आईचं त्या टेपवरच्या बाईशी जुनं वैर आहे. एक्स्चेंज स्वयंचलित झालं तेव्हा तिच्या विभागातल्या बावीस जणींची उचलबांगडी झाली आणि तिच्या जागी असलीच एक बाई बसली. मी एकदा गटातली चीज तिला ऐकवली होती, की आपोआप फोन जोडणारं यंत्र ज्याने काढलं तो मुळात प्रेतांचे अंत्यविधी करणारा माणूस होता. आई म्हणाली होती, "तरीच. माणूस हातचं काम सोडत नाही."

"त्या बाईपेक्षा ते बटण बरं होतं," आई आता म्हणाली. "दाबलं की खट वाजायचं. वाटायचं, पलीकडे कोणीतरी आहे."

ती उठून आत गेली. मी तिथे बसून राहिले आणि मला स्वतःची लाज वाटली. तिला लिफ्टने घाबरवलंच नव्हतं. पंचवीस मिनिटं अंधुक डोळ्यांनी एका डब्यात उभी राहून ती घाबरली नव्हती. तिला मी घाबरवलं होतं, चहा पिता पिता, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

बुधवारी सकाळी मी ठरवलं की बटण जोडायचंच. लिफ्टच्या नियंत्रणपेटीत दोन मिनिटांचं काम. पण आमच्याकडे इमारतीच्या समितीच्या सहीशिवाय असली गोष्ट हलवता येत नाही, आणि हलवली तर माझा परवाना जातो. समितीचे चिटणीस तळमजल्यावर राहतात. त्यांच्या दाराला दोन कुलपं आहेत आणि बोलण्याला तीन.

"दार लवकर बंद झालं आणि कोणाचा हात अडकला तर?" ते म्हणाले.

"हात मध्ये आला की दार उघडतं. डोळा असतो दाराला."

"लेखी द्या. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"माझ्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया उद्या आहे."

"मग अर्जात तसं नमूद करा," चिटणीस म्हणाले, आणि एक कुलूप लावलं.

मी हत्यारांची पिशवी घेतली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली, दुरुस्तीची पाटी लावली आणि लिफ्टच्या टपावर जाऊन बसले. तिथे मी चाळीस मिनिटं काहीही केलं नाही. म्हणजे केलं, दर पाच मिनिटांनी पान्याने लोखंडावर ठणठण केलं, नवव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. एक केळं खाल्लं. गटाला कळवलं की मी आईला बटण जोडलंय असं सांगणार आहे.

पंतोजी ताबडतोब म्हणाले, "ही जाणूनबुजून केलेली भाकड ठरेल. तुमची तिसरी. मला खेद आहे."

"पंतोजी, तिचा डोळा जाईल!" बुरशी.

"मला ते समजते. म्हणूनच खेद आहे असे लिहिले."

मीटरने लिहिलं, "भाकड गटात टाकली तरच भाकड. घरात बोललेलं मोजायचं झालं तर मी सहा वर्षं मौनात असायला पाहिजे." यावर बरीच वादावादी झाली. मी फोन खिशात घातला, हाताला मुद्दाम थोडं ग्रीस फासलं आणि वर गेले.

"जोडलं," मी दारातूनच म्हटलं. "आता दाबलंस की दार बंद. तुझ्या हुकमावर."

आई माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती. तिला माझं तोंड दिसत नव्हतं हे माझं नशीब, असं मला वाटलं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या किती वाजता निघायचं?"

गुरुवारी सव्वाआठला आम्ही लिफ्टसमोर होतो. आईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि रुग्णालयाचे कागद छातीशी धरले होते, कोणी हिसकावून नेणार असल्यासारखे. लिफ्ट आली. दार उघडलं. ती उभीच. मला एवढंच सुचत होतं की हे दार सहा सेकंद उघडं राहतं. पाचव्या सेकंदाला तिने आत पाऊल टाकलं, दाराने दचकून पुन्हा सहा मोजायला सुरुवात केली, आणि मी तिच्यामागे आत गेले.

तिने हाताने चाचपून बटण शोधलं आणि दाबलं. खट. दार ढिम्म.

एक, दोन. बारा वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतेय, पण एका दाराची मी इतकी मनधरणी कधी केली नव्हती. आई बटणावर बोट ठेवून शांत उभी होती. चार. पाच. दार बंद झालं.

"बघ," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "जरा वेळ घेतं. नवीन आहे ना."

"हो का," आई म्हणाली.

लिफ्ट निघाली. जुनी आहे, सावकाश उतरते, प्रत्येक मजल्यावर जरा खट करते. आईने माझा हात धरला. धरला म्हणजे काय, आवळला. माझी अंगठी बोटात रुतली. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं.

"सहावा गेला का गं?" तिने विचारलं.

दारावरचा लाल आकडा तिला दिसत नव्हता. मला दिसत होता. आठ.

आयुष्यात मुद्दाम चुकीचा आकडा मी कोणाला सांगितलेला नाही. घड्याळ विचारलं तर सेकंदांसकट सांगते.

"गेला," मी म्हटलं. "कधीच गेला, आई."

"खोटारडी," आई म्हणाली. "आत्ता कुठे आठवा गेलाय. मी खटके मोजतेय."

मी पुन्हा लाल आकड्याकडे बघितलं.

"आणि बटणही जोडलेलं नाहीस तू. काल 'जोडलं' म्हणालीस तेव्हाच कळलं मला. एकतीस वर्षं 'लागतोय, लागतोय, थांबा' म्हणून लोकांना धरून ठेवलंय मी, लाइन मेलेली असताना. मला शिकवतेस?"

"मग तू आत आलीस कशी?"

सातव्याचा खटका झाला. आईची बोटं आणखी आवळली. आता पुढे तीच जागा होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती दाराकडे नाही, माझ्याकडे वळली होती, त्या दुधाळ डोळ्याने मला शोधत.

"ते मरू दे," ती म्हणाली. "तू गप्प नको बसूस. बोलत राहा."

सहा वर्षं, रोज एक, म्हणजे दोन हजारांवर चिजा माझ्या डोक्यात आहेत. त्यातली एक आठवेल तर शपथ. मी बोलायला लागले. शेजारीण भाजी नेहमी शिळी आणते, मी कालपासून जेवले नाही, चिटणीस अर्जाचा कागद दोन बोटांत धरतात, टपावर बसून केळं खाताना मला रडू आलं, माझे गुडघेही हल्ली दुखतात, तू त्या दिवशी बाहेर आलीस तेव्हा पदर खोचलेली काय दिसत होतीस. श्वास न घेता, कशाचाही कशाशी संबंध नाही असं. सहावा कधी गेला ते मला कळलं नाही, आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"आई," पाचव्यावर मी म्हटलं, "ते मी तुला सांगायला नको होतं. चुकलं माझं."

"ते खरं आहे," आई म्हणाली. "पुढे बोल."